जुना वन बीएचके नवा करताना: काय ठेवायचं, काय काढायचं आणि कोणत्या क्रमानं

१९८० ते १९९५ च्या दरम्यान पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिककडच्या सोसायट्यांमध्ये बांधलेला फ्लॅट दारातूनच ओळखू येतो. मोझॅकची फरशी, कडप्प्याचा ओटा, स्वयंपाकघरात खांद्यापर्यंत मारलेला ऑइलपेंट, दारामागे किटकॅट फ्यूजचा लाकडी बोर्ड आणि बाथरूममध्ये पिवळट पडलेल्या पांढऱ्या टाइल्स. घर मजबूत असतं, पण खोल्या थकलेल्या दिसतात. अशा वेळी ठेकेदाराचा पहिला सल्ला बहुधा एकच असतो, ‘सगळं फोडून टाकू’. खर्च तिथेच दुप्पट होतो, कारण फोडायचे पैसे, राडारोडा उचलायचे पैसे आणि नवीन बसवायचे पैसे असे तिन्ही खिशातून जातात. त्यातलं निम्मं फोडण्याची गरजच नसते.

पैसे आधी पाणी आणि वीज यांवर घालावेत, मग रोज हात लागतो त्या ओट्यावर, आणि दिसणाऱ्या सजावटीवर सगळ्यात शेवटी. उलटं केलं की पहिल्याच पावसाळ्यात नव्या रंगाला पोपडे येतात.

आधी ओल शोधा

भिंतीवर पांढरी, मिठासारखी भुकटी दिसते त्याला लोणा म्हणतात. विटा आणि सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागाकडे येतात, पाणी उडून जातं आणि क्षारांचे स्फटिक तिथेच फुगतात. रंगाचा पापुद्रा सुटतो तो या स्फटिकांच्या रेट्यामुळे. म्हणून लोण्यावर कितीही महाग पुट्टी लावली तरी ती सहा-आठ महिन्यांत निघते. पाण्याची वाट बंद करणं हाच उपाय.

भिंत आतून ओली आहे की खोलीतल्या दमटपणानं, हे फुकटात कळतं. एक फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा जाड कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि २४ तास ठेवा. कागदाच्या मागच्या बाजूला पाणी सुटलं तर ओल भिंतीत आहे. समोरच्या बाजूला दव जमलं तर खोलीत हवा खेळत नाही. तिथे एक्झॉस्ट फॅननं काम भागतं.

बाथरूमलगतच्या भिंतीत ओल असेल तर तीन शक्यता असतात, आणि त्या वेगळ्या काढता येतात. बाथरूम दोन दिवस न वापरताही ओल तशीच राहिली तर दाबाच्या पाण्याची पाइप गळतेय. टाकीकडून येणारा वॉल्व्ह बंद केल्यावर ती सुकू लागली तर नक्कीच. फक्त अंघोळीनंतर ओल वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (जमिनीतल्या जाळीखालचं, सांडपाणी वाहून नेणारं भांडं) किंवा सांडपाण्याचा सांधा गेलाय. आणि ट्रॅपचं तोंड बोळ्यानं बंद करून जमिनीवर दोन इंच पाणी २४ तास साठवल्यावर खालच्या मजल्यावर डाग उमटला, तर जमिनीचं वॉटरप्रूफिंग संपलंय. ही चाचणी करताना खालच्या शेजाऱ्यांना आधी सांगा आणि त्यांच्या छताचा फोटो काढून ठेवा. पुढचे बरेच वाद टळतात.

बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून येणारी ओल हा सोसायटीशी बोलून सोडवायचा विषय आहे. आतून थर लावून ती थांबत नाही, फक्त जागा बदलते. म्हणूनच आपल्याकडचं वेळापत्रक पावसावर बसवावं: जून ते सप्टेंबर फक्त पाहायचं आणि खुणा करायच्या, ऑक्टोबरात दुरुस्ती, आणि रंग दिवाळीनंतर ते मे अखेरपर्यंत कधीही. दिवाळीपूर्वी घाईनं रंग मारायची पद्धत भिंतींना महागात पडते. तेव्हा त्या पुरत्या सुकलेल्याच नसतात.

वायरिंग

बोर्ड उघडून वायरचं टोक पाहा. तारा चंदेरी दिसल्या तर पातीनं जरा खरवडा. आत तांबूस रंग निघाला तर कल्हई केलेलं तांबं, चंदेरीच राहिल्या तर ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम गरम झालं की फुगतं, थंड झालं की आकसतं आणि स्क्रूखाली सैल पडतं. तिथेच ठिणग्या आणि जळका वास सुरू होतो. हे बदलायलाच हवं.

दिवे-पंख्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटर, गीझर आणि १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी २.५, एसीसाठी ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर घ्या. प्रत्येक सॉकेटपर्यंत अर्थिंगची वेगळी वायर गेली पाहिजे. किटकॅट काढून एमसीबीचा बोर्ड बसवा आणि सोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लावा. ओल्या हातानं शॉक लागला तर वीज तोडते ती आरसीसीबी. एमसीबी फक्त जादा भार आणि शॉर्ट सर्किट बघते.

जुन्या घरात आरसीसीबी बसवल्यावर ती वारंवार पडण्याची तक्रार सर्रास येते, आणि ‘ती काढून टाका’ असा सल्लाही मिळतो. तो ऐकू नका. कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना चिकटलेत किंवा एखाद्या ओल्या बोर्डातून गळती होतेय, एवढंच ती सांगत असते. एकेक सर्किट बंद करत गेलं की दोष सापडतो.

जुन्या नळीतून नवी वायर ओढता आली तर भिंत फोडू नका. नळी गंजून बसली असेल तर कमी खर्चाचा मार्ग म्हणजे केसिंग पट्टी, म्हणजे भिंतीवरून वायर नेणारी प्लॅस्टिकची पोकळ पट्टी. कोपऱ्यातून, चौकटीच्या कडेनं नेली आणि भिंतीच्याच रंगानं रंगवली की ती डोळ्यांत येत नाही. वायरसाठी भिंतीत झिरी (खाच) पाडावीच लागली तर ती उभी पाडा. चार इंची भिंतीत आडवी खोल झिरी पाडली की भिंत तिथून चिरते. आणि आरसीसी कॉलम-बीमला छिन्नी लागता कामा नये, मग वायरमन कितीही घाईत असो. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं.

फरशी: मोझॅक टाकून देऊ नका

मोझॅकची फरशी काढून व्हिट्रिफाइड बसवणं ही जुन्या फ्लॅटमधली सगळ्यात मोठी अनावश्यक उधळपट्टी आहे. या फरशीच्या वरच्या थरात संगमरवराची खडी असते आणि तो थर साधारण पाच मिलिमीटर जाड असतो. तीस वर्षं पुसून त्यातला किरकोळ भाग झिजलेला असतो. मशिननं घासली की खालून तीच ताजी फरशी निघते.

आधी प्रत्येक फरशीवर लाकडी दांड्यानं टकटक करून पाहा. पोकळ आवाज येणाऱ्या फरश्यांवर खडूनं खूण करा. त्या उचलून पुन्हा मसाल्यात बसवाव्या लागतील. फुटक्या असतील तर पलंगाखालच्या किंवा कपाटाखालच्या धड फरश्या काढून तिथे लावा, आणि झाकल्या जाणाऱ्या जागी नव्या बसवा. मग सांधे खरवडून पांढऱ्या सिमेंटमध्ये फरशीशी जुळणारा रंग मिसळून ती पेस्ट सगळीकडे चोळा. बारीक भोकं त्यानंच बुजतात. चार दिवस ओलं ठेवा. त्यानंतर ६० नंबरच्या दगडापासून घासाई सुरू होते, मग १२०, मग ३२०, आणि शेवटी ऑक्झॅलिक पावडरनं चमक. पहिल्या दगडानंतर पेस्ट पुन्हा एकदा भरून घ्या. बहुतेक जण हा टप्पा वगळतात आणि मग फरशीवर सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात, ज्यात वर्षभरात काळा मळ बसतो.

घासाईत पांढरा चिखल भरपूर निघतो. तो मोरीत ओतू नका, पाइपमध्ये तो सिमेंटसारखाच घट्ट होतो. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी ओता, गाळ पोत्यात भरा. पुढे ही फरशी टॉयलेट क्लीनरनं कधीही पुसायची नाही, आम्लानं संगमरवर खाल्ला जातो.

फरशी खूपच फुटलेली असेल तर जुन्यावर नवी टाइल चिकटवता येते. पण हिशेब आधी मांडा: आठ-नऊ मिलिमीटरची टाइल आणि चार-पाच मिलिमीटर चिकटा मिळून जमीन अर्धा इंच वर येते. प्रत्येक दार खालून रंधावं लागतं, आणि हॉल बाथरूमच्या उंबऱ्याच्या जवळ येतो. पाकिटावर ‘टाइल ऑन टाइल’ लिहिलेलाच चिकटा घ्या आणि तो दाती पत्र्यानं पूर्ण टाइलभर पसरायला लावा. मध्ये आणि चार कोपऱ्यांत ठिपके देऊन बसवलेली टाइल पोकळ राहते आणि कपाटाच्या पायाखाली तडकते.

स्वयंपाकघर

कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे. लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडलं की तो पांढुरका पडतो तो त्यामुळेच, आणि ते डाग घासून जात नाहीत. ग्रॅनाइटला हा त्रास नाही. पण ओटा बदलायचा म्हणजे मोडायचाच असं नाही. जुने ओटे बऱ्याचदा ३० ते ३१ इंच उंचीचे असतात, उभ्यानं काम करणाऱ्याला कमरेत वाकवणारे. त्यावर १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट चिकटवला की उंची पाऊण-एक इंचानं वाढते आणि फोडाफोड वाचते. योग्य उंची काढायची तर जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिला सरळ उभं करून कोपर काटकोनात वाकवायला सांगा. जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीतून चार ते सहा इंच वजा करा. त्याहून ओटा तीन इंचांपेक्षा जास्त खाली असेल तर मात्र खालच्या खापांवर (ओट्याला आधार देणाऱ्या कडप्प्याच्या उभ्या लाद्यांवर) विटांचा थर देऊन तो उचलणंच बरं.

ग्रॅनाइट चिकटवण्याआधी कडप्प्यावरचा तेलकटपणा सोड्याच्या गरम पाण्यानं काढा आणि पृष्ठभाग टाचून खरबरीत करा. तेलावर चिकटा धरत नाही. सिंकचं भोक ग्रॅनाइट बसवण्याआधी खाली जमिनीवर ठेवून कापा. ओट्यावर ठेवून कापताना दगड भोकाच्या कोपऱ्यातून तडकतो. पुढच्या कडेला खालून बारीक खाच मारून घ्या. ओट्यावरून ओघळणारं पाणी तिथेच थेंब होऊन खाली पडतं आणि ट्रॉल्यांच्या दारांपर्यंत पोचत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, पण न सांगता कुणी करत नाही.

ओट्याखाली अख्खं मॉड्युलर किचन बसवण्यापेक्षा कडप्प्याच्या खापा ठेवून त्यांत स्टीलच्या ट्रॉल्या घेणं स्वस्त पडतं आणि आपल्याकडच्या दमट हवेत जास्त टिकतं. खापेला वाळवी लागत नाही. मोजमाप मात्र ग्रॅनाइट आणि टाइल्स पूर्ण झाल्यावरच द्या. दोन खापांमधलं अंतर वर, मध्ये आणि खाली अशा तिन्ही ठिकाणी मोजा. जुन्या खापा क्वचितच ओळंब्यात असतात. सर्वांत कमी माप धरून ट्रॉली करायची.

ट्रॉली ३०४ ग्रेडच्या स्टीलची घ्या. दुकानदार चुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही’ असं दाखवतात, पण त्यानं काही सिद्ध होत नाही. २०२ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही आणि सिंकजवळ तीच दोन वर्षांत गंजते. स्टील तपासायच्या द्रवाचा थेंब टाकून रंग पाहणं हीच दुकानात करता येणारी खात्रीची पद्धत. पैसे कमी असतील तर सिंकखालची आणि ताट-वाट्यांची ट्रॉली ३०४ मध्ये घ्या, डब्यांची २०२ मध्ये चालेल. दारांना बीडब्ल्यूपी (पाण्यात न सुटणारा) प्लाय, १८ मिलिमीटर, आणि लॅमिनेट दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला लावलं की दुसरी बाजू ओलावा घेते आणि दार धनुष्यासारखं वाकतं.

सिलिंडर ओट्याखाली ठेवत असाल तर त्या कप्प्याच्या दाराला खालच्या बाजूला जाळी हवीच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साठतो. रबरी नळीवर छापलेली तारीख पाहा आणि पाच वर्षं झाली असतील तर आताच बदला. पाइप गॅस असेल तर मीटर कपाटात बंद करू नका, आणि पाइप हलवायचीच असेल तर गॅस कंपनीच्याच माणसाकडून.

बाथरूम

गळती नसेल तर फोडू नका. सांधे दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडून त्यात इपॉक्सी ग्राउट भरा, नळ आणि शॉवर बदला, आरशावर चांगला दिवा लावा. दोन-तीन दिवसांत बाथरूम बदलतं.

गळती असेल तर मात्र अर्धवट काम करू नका. स्लॅब दिसेपर्यंत खाली जायचं, गंजलेल्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसीच्या (प्लॅस्टिकच्या) टाकायच्या, आणि झिरी बुजवण्याआधी पाइपवर पंपानं दाब देऊन तपासायचं. स्लॅब झाडून धुवा. पाइप जिथून आरपार जातात त्या जागा न आकसणाऱ्या ग्राउटनं भरा. जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात मसाल्याची गोलाई द्या, कारण काटकोनात वॉटरप्रूफिंगचा थर ताणला जाऊन फाटतो. मग पॉलिमर-सिमेंटचे दोन हात, पहिला आडवा, दुसरा उभा, भिंतीवर एक फूट वरपर्यंत, आणि शॉवरच्या भिंतीला सहा फुटांपर्यंत. सुकल्यावर ४८ तास पाणी साठवून ठेवा. ही चाचणी झाल्याशिवाय कोब्याला (टाइलखालच्या भरावाला) हात लावू देऊ नका आणि त्या टप्प्याचे पैसेही देऊ नका.

उतार नहाणीकडे दर फुटाला दीड ते दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) ठेवा. गवंड्याला सुतातच सांगा, ते त्याला लगेच कळतं. टाइल्स बसल्यावर बादलीभर पाणी ओतून पाहा. दहा मिनिटांनंतर कुठे डबकं राहिलं तर टाइल्स ताज्या असतानाच उचलायला लावा.

भिंती आणि रंग

खर्चाचा अंदाज चुकतो तो इथे, कारण मोजमाप कुणी स्वतः करत नाही. दहा बाय बाराची, साडेनऊ फूट उंचीची खोली घ्या. भिंती (१० + १२) × २ × ९.५ म्हणजे ४१८ चौरस फूट. तीन बाय सातचं दार आणि चार बाय चारची खिडकी मिळून ३७ वजा केले की ३८१. छत १२०. एकूण जवळपास ५०० चौरस फूट. पुट्टीचे दोन हात जुन्या भिंतीवर किलोला १५ ते १८ चौरस फूट भरतात, म्हणजे ३० किलोच्या आसपास. ४० किलोची एक गोणी पुरते. प्रायमर पाच लिटर. इमल्शनचे दोन हात भिंतींना चार लिटर, छताला दीड लिटर. डब्यावर छापलेलं प्रमाण गुळगुळीत भिंतीसाठी असतं, त्यापेक्षा थोडं जास्तच धरा. पेंटरला मापाचा दर देताना दारं-खिडक्या वजा करायच्या की नाहीत हे आधीच ठरवून लिहून घ्या.

जुना डिस्टेंपर पाणी मारून पूर्ण खरवडायचा. ओल्या बोटावर भुकटी येते तोवर काम झालेलं नाही. स्वयंपाकघरातल्या ऑइलपेंटवर पुट्टी थेट लावली तर ती चकत्यांनी सुटते. आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं चमक पूर्ण मारावी लागते. हा जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत ते कितीही असू शकतं. पाणी लावून घासा, मास्क वापरा, लहान मुलं आणि गरोदर स्त्रियांना त्या दिवसांत घरात ठेवू नका, आणि निघालेली भुकटी ओल्या फडक्यानं उचला.

नवा गिलावा केला असेल तर त्यावर सात दिवस पाणी मारा आणि एकूण २८ दिवस झाल्याशिवाय रंग लावू नका. ओल्या सिमेंटचा क्षार रंगाचे डाग पाडतो.

पीओपीच्या छताबद्दल स्पष्ट सांगायचं तर साडेनऊ फुटांच्या खोलीत ते टाळा. पाच-सहा इंच उंची जाते, खोली दबते आणि वरून गळती झाली तर महिनोन्‌महिने कळत नाही. त्याऐवजी छत पांढरंशुभ्र ठेवा, दोन भिंतींवर वीस वॅटच्या एलईडी पट्ट्या ४००० केल्व्हिनच्या (पांढरट उजेडाच्या) आणि बसायच्या कोपऱ्यात ३००० केल्व्हिनचा (पिवळसर उजेडाचा) एक दिवा. खर्च एक दशांशही येत नाही.

सागवानी चौकटी आणि दारं असतील तर ती काढून फ्लश डोअर बसवणं म्हणजे चांगलं लाकूड भंगारात देणं. रंगाचे थर हीट गननं सोडवायचा मोह होतो, पण शिशाची वाफ नको म्हणून रिमूव्हर लावून पत्र्यानं काढा, पॉलिश पेपरनं १२० मग २२० नंबरनं घासा आणि मेलामाइन किंवा साधं पॉलिश करा. खिडक्यांच्या ग्रिलला गंज असेल तर तारेच्या ब्रशनं धातू उघडा करा, त्याच दिवशी रेड ऑक्साइड मारा. एक रात्र जरी गेली तरी दमट हवेत गंज परत येतो.

क्रम आणि पैसे

फोडकाम, मग प्लंबिंग आणि वायरिंग, वॉटरप्रूफिंग आणि चाचणी, बाथरूम-किचनच्या टाइल्स, ग्रॅनाइट, मोझॅकची खडबडीत घासाई, सुतारकाम, पुट्टी-प्रायमर आणि रंगाचा पहिला हात, मोझॅकचं शेवटचं पॉलिश, आणि सगळ्यात शेवटी रंगाचा दुसरा हात. पॉलिशवाला भिंतींच्या पायथ्याला चिखल उडवणारच, म्हणून दुसरा हात त्याच्यानंतर. सगळं धरून वन बीएचकेला सहा ते आठ आठवडे लागतात.

सुरू करण्याआधी सोसायटीला लेखी कळवा: कोणतं काम, कोणत्या तारखा, कामाच्या वेळा, राडारोडा कुठे जाणार. दरपत्रक घेताना मजुरी आणि माल वेगळे मागा, मालाची कंपनी आणि ग्रेड लिहून घ्या. आगाऊ पंधरा-वीस टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका, आणि शेवटचे दहा टक्के पहिला पाऊस पडून जाईपर्यंत राखून ठेवायचे हे कागदावर आधीच मान्य करून घ्या.

काम संपलं की उरलेला अर्धा-एक लिटर रंग घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, बरणीवर खोली, कंपनी, शेड नंबर आणि तारीख लिहा. टाइल्सच्या प्रत्येक प्रकारातल्या चार-पाच जास्तीच्या माळ्यावर टाका. झिऱ्या बुजवण्याआधी काढलेले पाइप आणि वायरचे फोटो मोजपट्टीसकट एका पाकिटात बोर्डाच्या आत चिकटवा. पुढे भिंतीत खिळा ठोकणाऱ्याला ते लागतील.